जाबेझचा दात

हेप्सी डंगवर्थच्या वाट्याला आलेलं भूत पांढरी चादर पांघरून फिरत नव्हतं, की साखळ्या खुळखुळवत नव्हतं. ते फक्त ठोकायचं. ठक-ठक-ठक, मग एका श्वासाएवढा विसावा, पुन्हा ठक-ठक-ठक.

सकाळी अंगणातला नळ गोठलेला असायचा, समोरची धुराडी धुक्यात गळ्यापर्यंत बुडालेली असायची. हाउसलींच्या चांदीच्या भांड्यांच्या कारखान्याचा लाकडी जिना चढताना तिला तो आवाज ऐकू यायचा. वरच्या मजल्यावरून, नक्षीवाल्यांच्या खिडकीकडून. जिना संपला की आवाजही संपायचा. खिडकीपाशी रिकामा बाक, त्यावर धुळीची साय, आणि कोपऱ्यात, नक्षी ठोकताना चांदी रोवून ठेवायच्या राळेचं जुनं लोखंडी भांडं. बस्स.

शेफिल्डमध्ये माणूस चेहऱ्याच्या आधी हातोड्यावरून ओळखला जातो. अंगणात उभं राहून डोळे मिटले तरी सांगता यायचं, की हा स्टेसी, हा त्याचा मेव्हणा, हा शिकाऊ आणि आज त्याचं लक्ष नाही. तीन ठोके आणि एक विसावा हा जाबेझ डंगवर्थचा ताल. जाबेझ हेप्सीचा नवरा. छातीच्या दुखण्याने तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली होती. त्याच्या जागी कोणी नवा आला नाही, कारण चांदीवर गुलाब-द्राक्षं उठवून घेणारी गिऱ्हाइकंच उरली नव्हती. रंगमंचावरचा दिवा विझावा तशी ती खिडकी विझली होती. हेप्सीला मात्र अंधारातून अजून त्याचं पात्र बोललेलं ऐकू यायचं.

तिने हे कोणालाही सांगितलं नव्हतं. चॅपेलमध्ये पहिल्या रांगेत बसणारी बाई ती. पाठ सरळ, एप्रन कडक इस्त्रीचा, काळ्या टोपीत काळ्याच मण्यांची पिन. कारखान्यात तिचं काम घोटाईचं. गुडघ्यांवर जाड फडकं, त्यावर चांदीचं भांडं, शेजारी साबणाच्या पाण्याचा वाडगा आणि हातात पोलादाची नाहीतर अकीकाच्या दगडाची घोटणी. ती ओली करायची आणि दाबून फिरवायची, इतकी की हातोड्याची खूण, कानशीची खूण, सगळं चांदीच्या अंगात जिरून जावं आणि वर फक्त उजेड उरावा. लहानपणापासून हेच केल्याने तिच्या उजव्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. त्या अंगठ्याला मात्र डोळ्यांना न दिसणारं पुष्कळ काही दिसायचं.

घोटणाऱ्या बायका खिडकीशी ओळीने बसत. हेप्सीच्या शेजारची खुर्ची फ्लॉरी क्रुक्सची. दोन नवरे पुरून तिसऱ्याच्या शोधात असलेली, तोंडाची फटकळ, मनाची लोण्यासारखी. कोणाच्या हातून नको तिथे ओरखडा उमटला, की फ्लॉरी ओरडायची, "पडला बघा जाबेझचा दात!"

हे त्या कारखान्याचं जुनं बोलणं. कोणी उगाच काहीतरी जास्तीचं करून ठेवलं, न मागितलेली रेघ मारली, चांगल्या कामाला गालबोट लावलं, की तो "जाबेझचा दात". हा जाबेझ म्हणजे हेप्सीचाच नवरा हे सगळ्यांना ठाऊक होतं. दात कसला, हे मात्र नव्या लोकांना माहीत नव्हतं. हेप्सीलाही माहीत नव्हतं. ती मुलीच्या आजारपणात आणि नंतर बरेच महिने घरी होती. परत आली तेव्हा ही म्हण कारखान्यात रुजलेली होती. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला होता, "काही नाही. एक चूक झाली माझी." मग तीही ती म्हण वापरू लागली. पोरींना दटावताना, कधी हसतानाही.

मुलीचं नाव लेटी. घटसर्पाने गेली. डोंगरावरच्या दफनभूमीत गरिबांच्या सामाईक खड्ड्यात तिला ठेवलं. वर दगड नाही, नाव नाही. फोटो काढायचा राहून गेला. पुढच्या सोमवारी जाबेझ डबा घेऊन कामाला गेला आणि त्यानंतर आयुष्यात त्याने ते नाव उच्चारलं नाही. त्याच्या डोळ्यांत हेप्सीला एक थेंब दिसला नाही. पुढे त्यांना मूल झालं नाही. दोघांत भांडण असं कधी झालं नाही, कारण भांडायलाही दोघांनी बोलावं लागतं. शेवटच्या आजारात ती त्याच्या उशाशी बसली, औषध दिलं, उशी झटकली. पण मनातल्या मनात ती म्हणत होती, या माणसाचं काळीज ऐरणीचं आहे.

आणि म्हणूनच ते ठोकणं ऐकलं की तिला प्रेम नाही, राग यायचा. मेल्यावर तरी गप्प बसावं माणसाने.

पाचव्या जॉर्ज राजाच्या रौप्यमहोत्सवाच्या आदल्या हिवाळ्यात लंडनचे एक जुन्या चांदीचे व्यापारी आले. मिस्टर पार्जिटर. कोटाला फरची कॉलर, मिशीला मेण. त्यांनी हिरव्या फडक्यातून कॉफीची एक उंच किटली काढली आणि मिस्टर हाउसलींच्या टेबलावर ठेवली.

किटलीचं अंग होतं दुसऱ्या जॉर्जच्या काळातलं, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचं. निमुळतं, सरळ, हंसाच्या मानेसारखी तोटी, फळझाडाच्या लाकडाची काळी मूठ. पण त्या अंगावर गुलाब, शिंपले, वेलबुट्टी असं काही दाटलं होतं, की मूळ किटली जत्रेत हरवलेल्या मुलीसारखी दिसत होती. ही नक्षी नंतरची. एके काळी गिऱ्हाइकांना साध्या भांड्यांची लाज वाटायची. घरातली जुनी साधी किटली कारखान्यात पाठवायची आणि तिच्यावर बाग उठवून आणायची. आता त्याच गिऱ्हाइकांच्या नातवंडांना बागेची लाज वाटत होती.

"हे सगळं जायला हवं," पार्जिटर म्हणाले. "अंग जसं होतं तसं. साधं. आणि हाउसली, तोटीखालचा तो गालफुगवा देवदूत आधी घालवा. माझ्याकडे टक लावून बघतो."

"तुमच्याकडे बघायला कोणीतरी हवंच की," हाउसली म्हणाले. हे धाकटे हाउसली. थोरले जाऊन फार दिवस झाले होते. वडिलांनी सजवलेली भांडी सोलून काढायचं काम आता मुलाच्या पदरी आलं होतं. नाटक तेच, कपडे उतरवायची पाळी आली एवढंच.

सपाट करण्याआधी चांदी कुठे पातळ झाली आहे ते बघावं लागतं, नाहीतर हातोडा आरपार जातो. त्यासाठी हाउसलींनी किटली हेप्सीकडे पाठवली.

तिने किटली मांडीवर घेतली, वाडग्यात घोटणी बुडवली. फ्लॉरी शेजारी कोणत्या तरी खाटकाच्या विधुरपणाविषयी बोलत होती. हेप्सी हुं हुं करत अंगठा आणि घोटणी फिरवत होती. इथे जाड. इथे ठीक. इथे जपून. तोटीखाली आली. एक लहान मुलाचा चेहरा, गाल फुगलेले, तोंड किंचित उघडं. असे चेहरे तिने शेकड्याने घोटले होते. घोटणीचं टोक त्या उघड्या तोंडात शिरलं.

टिक्.

हेप्सीचा हात थांबला.

तिने पुन्हा हळूच घोटणी नेली. टिक्. खालच्या हिरडीवर, मधोमध, तांदळाच्या कणीएवढा एक उंचवटा होता.

"...तर मी त्याला म्हटलं, मटण तुझं, हाडं माझी. ऐकतेस ना गं?" फ्लॉरी म्हणाली.

"ऐकतेय."

"काय ऐकतेयस, तोंड बघ तुझं. साबणाच्या फेसासारखं पांढरं पडलंय."

देवदूतांना दात नसतात. लहान देवदूताचं तोंड म्हणजे एक गोल खळगा, तेही सगळ्यांचं एकाच साच्यातून शिकलेलं. दात असतो तो माणसाच्या मुलाला. लेटीची हिरडी सुजली होती तेव्हा जाबेझ रोज संध्याकाळी कामावरून आला, की हात धुवायचा, तिला मांडीवर घ्यायचा आणि चहाच्या चमच्याने तिच्या हिरडीवर हलकेच टकटक करायचा. चमचा नुसताच मऊ लागायचा. "अजून नाही," तो म्हणायचा, "बाईसाहेबांची तयारी चाललीय." आणि एका संध्याकाळी चमचा वाजला. टिक्. जाबेझने चमचा तसाच वर धरून हेप्सीकडे पाहिलं. लेटीला तो आवाज इतका आवडला की तिने पुन्हा तोंड उघडलं. दोघांनी आळीपाळीने तो दात वाजवला. तो आठवडा पुरा झाला नाही, तिच्या घशात पडदा धरला.

त्या दाताविषयी तिसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. सांगायला वेळच मिळाला नव्हता.

हेप्सीने किटली उजेडात धरली. आता तिला सगळं दिसलं. डाव्या बाजूला फिरलेला केसांचा भोवरा. वरच्या ओठाचं ते टोक. आयुष्यभर जे नाही म्हणून ती झुरली, ते तिच्या मांडीवर होतं, आणि ते घालवायचं म्हणूनच तिच्याकडे आलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती विल्फ स्टेसीकडे गेली. विल्फ सपाटीचा हातोडेवाला, जाबेझचा जुना सोबती. भट्टीच्या उबेला बसून मटणाची चरबी लावलेला ब्रेड खात होता.

"विल्फ, ती लंडनवाल्याची किटली. ती कोणी ठोकली होती?"

"कोणी म्हणजे? तुझ्या म्हाताऱ्याने." विल्फने बोटं चाटली. "अगं, तीच ती. जाबेझच्या दाताची. मी कालच ओळखली. म्हटलं, ये बाई, तुझ्या नावाने इतकी वर्षं पोरींना शिव्या घातल्या, आज भेटलीस."

हेप्सी भट्टीजवळच्या पेटीवर बसली. "सांग मला."

"सांगायचं काय त्यात? थोरले हाउसली काम बघायला आले. चष्मा लावला. म्हणाले, डंगवर्थ, देवदूताला दात कुठून आला? घालवून टाक. आणि आपला जाबेझ, जो कधी कोणाला उलट बोलला नाही, तो म्हणाला, नाही घालवणार. एवढंच. म्हातारा लालबुंद झाला. म्हणाला, मग उद्यापासून येऊ नकोस. जाबेझ म्हणाला, बरं. आणि हत्यारं आवरायला लागला. शेवटी म्हातारीच मधे पडली, थोरल्यांची बायको. गिऱ्हाईक दात मोजत बसणार नाही म्हणाली. आम्ही पोटभर हसलो होतो त्या दिवशी."

हेप्सीने अंगठा आपल्या खालच्या दातावर टेकवला.

"काय झालं गं?"

"तिला दात आला होता, विल्फ. खाली, मधोमध. गेली त्याच आठवड्यात."

विल्फच्या हातातला ब्रेड तसाच राहिला. भट्टीत कोळसा खचला. तो म्हणाला, "मला तेव्हा पोरं नव्हती, हेप्सी. पोरांना दात कधी येतात, मला काय ठाऊक." मग म्हणाला, "आणि आम्ही म्हणच केली त्याची."

"मी पण म्हटली. त्याच्या समोर म्हटली."

"तो काय म्हणायचा?"

"हसायचा."

विल्फने ब्रेड कागदात गुंडाळून ठेवला. "मला सांगू नकोस तो चेहरा सोड म्हणून. मालक सांगतील तसं मला करावं लागतं. पण तू मालकांना विचार. आपल्या हाउसलींचं मन वाईट नाही, नुसतं घाबरट आहे."

हाउसलींनी ऐकून घेतलं. खुर्चीत मागे रेलले, पुन्हा पुढे आले, चष्मा पुसला.

"मिसेस डंगवर्थ, साध्या किटलीवर एकच चेहरा ठेवता येत नाही. बाकीचं सगळं पुसून तेवढंच ठेवलं, तर बघणाऱ्याला लगेच कळेल की अंगावर काहीतरी होतं. आणि मग पार्जिटर आपल्याकडे काम पाठवणार नाहीत. वरची खिडकी अंधारात आहेच. मला तुमची खिडकी अंधारात घालायची नाहीये."

"समजलं, मालक."

"तुम्हाला ठसा घ्यायचा असेल तर घ्या. मेणाचा, प्लास्टरचा, कसाही. मी विचारणार नाही."

तिच्या हाताशी मेण नव्हतं, साबण होता. तिने पिवळ्या साबणाची मऊ वडी घेतली, चेहऱ्यावर दाबली, अलगद सोडवली आणि रुमालात गुंडाळून घरी नेली. चहा केला, ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची पोळी, गरम केली. मग वडी उघडून टेबलावर उभी केली.

साबणात लेटी उलटी उतरली होती. गाल आत, नाक आत, दाताच्या जागी टोचल्यासारखं छिद्र. पण दिव्याच्या उजेडात तो खळगा खळगा राहिना. तो फुगून वर आला, चेहराच झाला. हेप्सी खुर्चीतून उठून चुलीकडे गेली, तर चेहरा तिच्याबरोबर वळला. ती दाराकडे गेली, चेहरा दाराकडे. ती खाली वाकली, तर चेहऱ्यानेही मान वाकवली. तिने सगळी खोली चालून पाहिली आणि ते मूल, जे मूल नव्हतं, नुसती मुलाची रिकामी जागा होती, ते तिच्यावरची नजर काढेना.

ओटकेक थंड झाली. हेप्सीने शेवटी भांड्यात गरम पाणी ओतलं, साबण त्यात घातला आणि दोन्ही हातांनी चोळत राहिली. नाक गेलं, गाल गेले, केसांचा भोवरा गेला. लहान मुलाला अंघोळ घालावी तसे तिचे हात फिरत होते, ते तिला उशिरा कळलं. मग ती तिथेच बसून रडली. लेटीसाठी पुष्कळदा रडली होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाबेझसाठी.

दुसऱ्या दिवशी विल्फने लांब चोचीची ऐरण किटलीच्या पोटात घातली. गुलाब गेले. शिंपले गेले. घोटणाऱ्या बायकांच्या खोलीत भिंतीपलीकडून त्याचा हातोडा ऐकू येत होता. विल्फचा ताल म्हणजे पावसाची संततधार, ना विसावा ना वळण. हेप्सी दुसऱ्याच कुठल्या थाळीवर घोटणी फिरवत होती. फ्लॉरीला काहीतरी कळलं होतं, कारण ती सकाळपासून एका नवऱ्याविषयीही बोलली नव्हती.

दुपारी ताल बदलला.

ठक-ठक-ठक. विसावा. ठक-ठक-ठक.

हेप्सीच्या हातातून घोटणी वाडग्यात पडली. फ्लॉरीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो आवाज थांबेपर्यंत काढला नाही.

संध्याकाळी विल्फ किटली घेऊन आला. हेप्सीने विचारलं, "तू त्याच्या तालात का ठोकलंस?"

"कोणाच्या?"

"तुला माहीत आहे कोणाच्या."

विल्फने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याकडून उसना आणला होता. "मी नेहमीसारखीच सुरुवात केली होती," तो म्हणाला. "चेहऱ्यापाशी आलो आणि हातोडा असा चालायला लागला. मी थांबवू बघितलं. मग म्हटलं, असू दे. त्याचंच काम आहे, तोच करतोय तर करू दे."

किटली आता साधी झाली होती, कातडी सोलल्यासारखी. भट्टी, आम्ल, कानस, दगड सगळं करून झालेलं. उरलं होतं ते हेप्सीचं काम. ती मन लावून घोटत गेली. अंग उजळलं. तोटीखाली आली तेव्हा तिथे काही नव्हतं. अंगठा फिरवला, सपाट. टिक् नाही. तिने सवयीने त्या जागी फुंकर मारली. तोंड उघडून, आतून ऊब काढून, जशी चांदीवर मारतात तशी. हा.

चांदीवर धुकं धरलं. त्या धुक्यात गाल आले, ओठाचं टोक आलं, केसांचा भोवरा आला. खालच्या हिरडीवर, मधोमध, एक ठिपका.

मग धुकं विरलं आणि सगळं गेलं.

चांदीला आगीत घातलं की कातडीखाली एक जांभळट सावली उतरते. उंचवट्यावर कानस जास्त लागते, खळग्यात कमी, मग ती सावली कुठे राहते, कुठे जाते. एरवी दिसत नाही. श्वास टाकला की दिसते. या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. म्हणून तर जुनी चांदी विकत घेताना व्यापारी तिच्यावर श्वास टाकून बघतात, अंगावरून काय पुसलंय ते.

उपायही ठाऊक असतो. जास्त जोर लावून, अकीक घेऊन, त्याच जागी घोटत राहायचं. हेप्सीच्या अंगठ्याला हे येत होतं. दुसऱ्या कोणालाही आलं नसतं असं नाही, पण तिला नक्की येत होतं. विल्फने हातोडा मारला, हाउसलींनी हुकूम दिला. पण लेटीला शेवटची घालवायची, तर ती आईच्याच हातांनी.

तिने अकीक उचलला. वाडग्यात बुडवला. तोटीखाली टेकवला. त्या मुलीचा श्वास अडकला तेव्हा घरात दोन माणसं होती आणि दोघांच्या छातीत श्वास भरलेला होता, आणि त्यातला कणभरही तिला देता आला नव्हता. आता हेप्सीने श्वास टाकला की ती येत होती.

हेप्सीने अकीक पुसून डब्यात ठेवला.

पार्जिटर किटली न्यायला आले त्या सकाळी अंगणात पाणी काचेसारखं गोठलं होतं. हाउसलींनी ऑफिसातून हाक मारली. हेप्सीने किटली हिरव्या फडक्यात गुंडाळली नाही. आधी ती गरम पाण्यातून काढली, गरम भुशात कोरडी केली, आणि शालीखाली छातीशी धरून, एक तळवा तोटीखाली दाबून, अंगण ओलांडलं. थंडीतून मूल न्यावं तसं.

"वा," पार्जिटर म्हणाले. त्यांनी किटली खिडकीशी धरली. "हातमोज्यातून सुद्धा चांगली लागते." मग तोंड पुढे करून किटलीच्या पोटावर श्वास टाकला. फिरवली, पुन्हा टाकला. पाठीवर टाकला. मग तोटीखाली.

हेप्सी पापणी न लववता उभी होती.

काहीच उमटलं नाही. चेहरा नाही, गुलाब नाही, धुकंसुद्धा नाही. गरम चांदीवर श्वास धरत नाही.

हाउसली टेबलापलीकडे बसून बघत होते. ते जन्मल्यापासून चांदीत होते. एवढ्या थंडीत किटलीवर धुकं का धरलं नाही, हे त्यांच्या लक्षात न येणं शक्य नव्हतं. त्यांनी किटलीकडे पाहिलं, मग हेप्सीच्या शालीकडे, मग तिच्या तळव्याकडे. चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"तुमची गाडी चुकेल, पार्जिटर," ते म्हणाले.

"स्वच्छ काम आहे. अगदी कोणी हात लावला नसावा तसं."

"हात लावायला आमची माणसं चांगली आहेत," हाउसली म्हणाले.

किटली पेटीत गेली, पेटी घोडागाडीत, गाडी धुक्यात. जिना चढताना हेप्सी थांबली आणि कान दिला. वर ठक-ठक-ठक झालं. विसावा. तिने कठड्यावर बोटांच्या पेरांनी तसंच वाजवलं आणि मग वर गेली.

त्यानंतरही एकदा एका पोरीच्या हातून ताटावर ओरखडा उमटला. सवयीने तिच्या तोंडून निघालं, "जाबेझचा दा..." आणि फ्लॉरीने तिच्या पोटरीवर अशी लाथ घातली की वाडगा सांडला. हेप्सी म्हणाली, "बोलू दे तिला. पण ओरखड्याला म्हणायचं नाही ते. एखादं काम मनापासून झालं, इतकं की मालकानं सांगूनही पुसवेना, त्याला म्हणायचं." पोरींना काही कळलं नाही, पण हेप्सी डंगवर्थने सांगितलं म्हणजे ते कारखान्यात लागू होतं.

मोठ्या घरांमध्ये चांदी शुक्रवारी साफ करतात. कुठल्याशा गावात, कुठल्याशा तळघरातल्या स्वयंपाकघरात एखादी मोलकरीण किटली मांडीवर घेते, तोंड उघडून तिच्यावर श्वास टाकते आणि फडक्याने पुसते. तोटीखाली आली की एखादे वेळी दचकत असेल. कोणाला सांगत नसेल. पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्याच जागी श्वास टाकून बघत असेल.

शुक्रवारी सकाळी हेप्सी अधूनमधून काम थांबवून बसते. घोटणी वाडग्यात, हात मांडीवर, उजवा तळवा वर. बायकांना वाटतं, म्हातारी थकली. फ्लॉरी त्यांना गप्प करते. कधी कधी, खोलीत सगळ्या घोटण्या चालू असताना आणि कोणीही चमचा हातात घेतलेला नसताना, हेप्सीच्या कानाशी येतं.

टिक्.